चाला, चालवा, सायकल चालवा

गेल्या महिन्यात एका व्यायामाच्या ॲपमध्ये माझ्या हातून तीन बटणं या क्रमानं लागली: 'चाला', 'चालवा', 'सायकल चालवा'. मधल्या बटणावर जिवाच्या आकांतानं पळणाऱ्या माणसाचं चित्र आणि खाली 'चालवा'. काय चालवायचं, कुणाला चालवायचं, काही पत्ता नाही. ॲप बाहेर पडायच्या आधी ते मोबाइलवर उघडून तपासणारी एक नागपूरची मुलगी आहे, तिनं पकडलं म्हणून वाचले. तिनं पडद्याचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मॅडम, आधी स्वतः चालायचं आणि मग दुसऱ्याला चालवायचं, असं आहे का हे?"

मूळ इंग्रजीत होतं वॉक, रन, सायकल. तिसरीतलं पोरगं चुकणार नाही. मी हे भाषांतराचं काम सोळा वर्षं करतेय.

कसं झालं ते सांगते. आमच्या धंद्यात पुस्तकासारखा सलग मजकूर येत नाही, स्ट्रिंगा येतात. बटणावरचा शब्द, पासवर्ड चुकल्यावर उमटणारं वाक्य, मेनूतला एखादा पर्याय, हे सगळं सुटं करून एका तक्त्यात एकाखाली एक भरलेलं असतं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामा चौकोन. ते बटण कुठल्या पडद्यावर आहे, त्याच्या आजूबाजूला काय आहे, हे बहुतेक वेळा दिसतच नाही. त्यात आमच्या सॉफ्टवेअरला दांडगी स्मरणशक्ती. तोच शब्द पूर्वी कधी केलेला असेल तर ते आपणहून जुनं भाषांतर आणून चौकोनात बसवतं आणि शेजारी शंभर टक्के असा शिक्का मारतं. या शंभर टक्केवाल्या ओळींचे पैसे मला मिळत नाहीत, त्यामुळे तिकडं फारसं बघितलंही जात नाही. (काम देणाऱ्यांचं म्हणणं, ते तर झालेलंच आहे ना. बरं.) दोन वर्षांपूर्वी हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये 'रन'ला मी 'चालवा' लिहिलं होतं. तिथं ते बरोबर होतं, रिपोर्ट चालवायचा होता. तोच 'चालवा' दोन वर्षं दबा धरून बसला आणि बरोब्बर व्यायामाच्या वेळी बाहेर आला.

मागचंपुढचं काही न सांगता 'रन'ला मराठीत काय म्हणतात असं विचारणं म्हणजे सांगली जिल्ह्यात 'श्री. पाटील' एवढाच पत्ता घालून पत्र टाकणं. पोचेल ते. कुणाकडे, ते विचारू नका.

यात माझी थोडी अब्रू वाचवणारी एक गोष्ट आहे. ऑक्सफर्डच्या त्या थोरल्या इंग्रजी कोशात सगळ्यांत जास्त अर्थांचा मान बराच काळ 'सेट'कडे होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. पुढच्या आवृत्तीसाठी फेरतपासणी करता करता मंडळी 'आर' अक्षराशी पोचली आणि 'रन'नं 'सेट'ला मागं टाकलं. ६४५ अर्थ, आणि तेही नुसत्या क्रियापदाचे. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दापायी नऊ महिने बसले होते, असं २०११ साली वाचलेलं आठवतं. तो आकडा मी तेव्हापासून टेबलासमोर चिकटवून ठेवलाय. कुणी "एका शब्दाला एवढा वेळ?" असं विचारलं की बोट दाखवते.

हे ६४५ आले कुठून? बरेचसे यंत्रांबरोबर आले. गिरणी, इंजिन, छापखाना, मोटार, शेवटी कॉम्प्युटर. जे जे नवीन निघालं ते ते इंग्रजांनी धावायला लावलं. पण सगळंच अलीकडचं नाही. हा शब्द जुन्या इंग्रजीतही पळण्याबरोबर वाहण्यासाठी वापरला जायचा. त्याचा जर्मन भाऊबंद 'रिनेन' आजही ओघळण्यासाठीच आहे. तेव्हा साहेबाचं नाक 'धावतं' तेव्हा तो काही अलंकारिक बोलत नसतो, त्याच्या पणजोबाच्या पणजोबाचंही तसंच धावत होतं.

माझी 'रन'शी ओळख मात्र मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये झाली. बाबा गार्ड होते. (२०२२पासून या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. बाबांना ते ऐकलं की हसू येतं.) घरात रात्रंदिवस कानावर पडायचे ते शब्द असे: बाबा 'रनिंग स्टाफ'मधले, पगाराबरोबर येतो तो 'रनिंग अलाउन्स', आणि परगावी मुक्काम पडला की राहायचं ती 'रनिंग रूम'. चार-पाच वर्षांची असताना माझी खात्री होती की लोंढ्याला एक भलीमोठी खोली आहे आणि तिच्यात आमचे बाबा, शेजारच्या पिंटूचे बाबा, सगळ्यांचे बाबा रात्रभर गोल गोल पळतायत. सकाळी घरी आले की ते अंघोळ करून पडायचे ते दुपारपर्यंत. मला त्यात काही नवल वाटायचं नाही. रात्रभर पळालेला माणूस झोपणारच.

पुढं एकदा पुण्याच्या रनिंग रूमच्या दारापर्यंत जायला मिळालं. आत ओळीनं लोखंडी खाटा, वर बांधलेल्या मच्छरदाण्या, दुपारी बारा वाजता खिडक्यांना पडदे ओढून केलेला अंधार, कुठूनतरी आमटीचा वास, आणि कुणाचं तरी घोरणं. दाराशीच बाबांनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. एवढी शांत जागा मी तोवर देवळातसुद्धा पाहिली नव्हती. आणि तिचं नाव रनिंग रूम.

कॉलबॉय रात्री दीडला यायचा. बॉय म्हणजे पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस. सायकल भिंतीला टेकवायचा, कडी वाजवायचा आणि हातातली वही खिडकीच्या गजातून आत सरकवायचा. बाबा अर्ध्या झोपेत त्या वहीवर सही करायचे. तोवर आई स्टोव्हला पंप मारायला लागलेली असायची. त्या वहीवर सही केली की माणूस 'रनिंग'वर. मग मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, एका लोखंडी पेटीशेजारी बसून रात्र काढायची. धावायचं इंजिनानं, बसायचं बाबांनी, आणि महिनाअखेरीला किलोमीटर मोजून भत्ता मात्र बाबांना. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ते किलोमीटरांची बेरीज करायचे ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. "या महिन्यात जरा कमीच धावलो गं," असं आईला सांगायचे.

आमच्या आजीला स्टेशनवरच्या घोषणेचा फार राग. 'गाडी चाळीस मिनिटे उशिराने धावत आहे.' आजी म्हणायची, "धावतीया तर मग उशीर का हुतोय मेलीला?" आजीचं बरोबर होतं. घरी बोलताना आपण कुणीच गाडी 'धावते' म्हणत नाही. गाडी सुटते, येते, जाते, रखडते, चुकते. ती धावते फक्त वर्तमानपत्रात आणि भोंग्यातून. '१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वे धावली' हे वाक्य आपण सगळ्यांनी इतिहासाच्या पेपरात लिहिलंय. माझा पक्का संशय आहे की ही धाव इंग्रजी डब्यात बसूनच मराठीत आली.

आणि जी मराठीत यायला तयार नव्हती ती आपण आहे तशी घेतली. मुंबईच्या लोकलमध्ये 'रनिंगमध्ये' चढतात. जुनी गाडी विकत घ्यायला गेलं की पहिला प्रश्न, "रनिंग किती झालंय?" गेल्या वर्षी स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा सुतारकाका ओट्याखाली टेप लावत म्हणाले, "ताई, शटर स्क्वेअर फुटावर जातील, पट्टी रनिंग फुटावर." जागेवरून इंचभर न हलणारी पट्टी, पण तिचा फूट धावता. मी ते वाक्य लगेच वहीत टिपून घेतलं. काकांना वाटलं मी भाव लिहून घेतेय.

या सगळ्यात मला एका शब्दाचा हेवा वाटतो. शाळेत शिवणाच्या तासाला पहिला टाका शिकवतात तो 'धावदोरा'. इंग्रजीत रनिंग स्टिच. सुई कापडात खाली-वर, खाली-वर करत सरळ पुढं जाते. 'धावणारा टाका' असंही म्हणता आलं असतं, आणि कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. पण ज्या कुणी हा शब्द घडवला त्यानं किंवा (जास्त करून) तिनं कापड हातात धरलेलं होतं. दोरा धावताना बघितला होता. माझ्यासारखा तक्ता बघितला नव्हता.

सोळा वर्षांत लक्षात आलेली गोष्ट ही, की इंग्रजी जिथं धावते तिथं मराठी बहुतेकदा चालते. दुकान चालतं, घड्याळ चालतं, सरकार चालतं (किंवा चालत नाही), आई घर चालवायची, मास्तर शाळा चालवायचे. आपल्याकडं 'कसं चाललंय?' विचारतात आणि 'चालेल' म्हटलं की विषय संपतो. पाहुण्याला कांदा-लसूण चालतो का हेही विचारावं लागतं. फ्रेंचांचं यंत्रही चालतंच, धावत नाही, हे कळल्यावर मला उगीच बरं वाटलं होतं. शाळेत नववीला बीबीसी मायक्रो नावाचे दोन कॉम्प्युटर आले. बेसिक नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन ओळी लिहायच्या, स्वतःचं नाव छाप आणि परत पहिल्या ओळीवर जा. मग आर, यू, एन ही तीन अक्षरं दाबून रिटर्न. नाव पडद्यावरून जे सुटायचं ते एस्केप दाबेपर्यंत थांबायचं नाही. तिथं मात्र कबूल, तिथं ते चालत नव्हतं. पळतच होतं.

चालून भागत नाही तिथं मराठी दर वेळी निराळं क्रियापद काढते. इंग्रजीत नदी, नाक, रस्ता, ताप, गॅस, रंग सगळे एकाच शब्दावर पळतात. आपली नदी वाहते, नाक गळतं, रस्ता जातो, ताप चढतो, गॅस संपतो. मीठ तर संपतही नाही. आमच्या आजीपुढं 'मीठ संपलं' म्हणायची सोय नव्हती. "संपलं काय म्हंतीस, वाढलं म्हण!" रिकामी बरणी हातात धरून आई म्हणायची, "मीठ वाढलंय, घेऊन ये." 'रन आऊट ऑफ सॉल्ट'चं याहून अचूक भाषांतर मला माहीत नाही, पण लिहिलं तर माझं कंत्राट जाईल.

रंगाची गोष्ट तर मी स्वतः केलेली आहे. बाबांचा गार्डाचा युनिफॉर्म पांढरा. आईच्या माहेरून आलेली इरकल, गर्द निळं अंग आणि लाल पदर. मी सहावीत, आई तापानं पडलेली, आणि मला कर्तबगारी दाखवायची होती. दोन्ही एकाच बादलीत भिजवले, सोड्याचं गरम पाणी वर. तासाभरानं झाकण काढलं तर बादलीभर कोकम सरबत. सदऱ्याच्या पाठीवर पदराचे काठ छापल्यासारखे उमटलेले, खिशावर एक लालभडक ओघळ. बाबांना संध्याकाळी सहाला ड्युटी. आईनं उठून लिंबू चोळलं, मीठ चोळलं, उन्हात टाकला, परत चोळला. लालाचा गुलाबी झाला, त्यापुढं तो हलेना. शेवटी पिंटूच्या बाबांचा सदरा आणला. तो बाबांना दोन बोटं आखूड, बाह्या मनगटाच्या वर. "आज हात वर करून झेंडी दाखवली तर पोट दिसंल," म्हणत बाबा गेले.

इंग्रजीत या सगळ्याला दोन शब्द पुरतात, रंग 'रॅन'. पळाला. कुठून कुठं ते तुम्ही बघा. मराठीत इरकलीचा रंग गेला आणि सदऱ्याला रंग लागला. घटना एकच, पण मराठीला आधी ठरवावं लागतं की आपण कुणाच्या बाजूनं बोलतोय. भाषांतर करताना मला निम्मा वेळ जातो तो या बाजू ठरवण्यात.

हल्ली पहिला खर्डा यंत्र करतं आणि मी दुरुस्त करते. एका दवाखान्याच्या फॉर्मसाठी मागं यंत्रानं दिलेलं वाक्य: 'मधुमेह तुमच्या कुटुंबात धावतो का?' मी खुर्चीत मागं टेकून बराच वेळ तो मधुमेह बघत बसले. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारानं अंगणात, आणि मागं सगळं कुटुंब. मग लिहिलं, 'तुमच्या घरात आणखी कुणाला मधुमेह आहे किंवा होता का?' त्याच फॉर्ममध्ये पुढं 'रन्स' होतं. क्रिकेटच्या कामातून नुकतीच उठले होते म्हणून बोटं 'धावा' लिहायला निघालीच होती. तिथं अर्थ होता जुलाब. 'आज किती धावा झाल्या?' असं पेशंटला विचारणारा फॉर्म थोडक्यात राहिला.

क्रिकेटचं तर वेगळंच. तिथं 'रन' धावण्यावरून आला हे उघड आहे, पण अठराव्या शतकात त्याला नॉच म्हणायचे, म्हणजे खाच. काठीवर खाच पाडून हिशेब ठेवायचा. खाच गेली आणि धाव राहिली. आता चौकार मारला की कुणी जागचं हलत नाही, तरी चार धावा. मराठीनं मात्र या एका धावेचं सोनं केलंय. धावबाद, धावफलक, धावगती, आणि माझा सगळ्यांत लाडका, निर्धाव षटक. ट्रान्झिस्टर कानाला लावून बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकलेली बाबांची पिढी हे शब्द इंग्रजी आधी की मराठी आधी असा विचार न करता बोलते. नोव्हेंबर १९९२मध्ये डर्बनला सचिनला तिसऱ्या पंचानं टीव्हीवर बघून बाद दिलं, त्या पद्धतीनं बाद होणारा तो पहिला फलंदाज. बाबा अजून म्हणतात, "धावबाद होता, पण आधी कुणी असं बघत नव्हतं की."

निवडणुकीत तर दोन इंग्रजीच एकमेकींशी भांडतात. अमेरिकेत उमेदवार धावतो, इंग्लंडात उभा राहतो. आपला उमेदवार उभा राहतो, मग लढतो, मग पडतो किंवा निवडून येतो. धावतो कोण? कार्यकर्ते.

तर ते बटण. दुरुस्त करायला घेतलं आणि पाच मिनिटांत उरकेल असं वाटलं. 'चाला'च्या खाली 'धावा'. लिहिलं, आणि हात थांबला. पडद्यावर सुटं 'धावा' वाचून बघा. ही आज्ञा झाली. पण क्रिकेटच्या ॲपमध्ये हाच शब्द गुणांसाठी. सचिननं कसोटीत १५,९२१ धावा केल्या, आणि द्रौपदीनं श्रीकृष्णाचा धावा केला. एका 'केल्या' आणि 'केला'चा काय तो फरक, आणि बटणावर क्रियापदाला जागाच नाही. शिवाय कुठं आग लागली की लोक 'धावा, धावा' ओरडतात, ते वेगळं. सकाळी सहाला मैदानावर उभ्या असलेल्या माणसानं यातलं कुठलं समजायचं? इंग्रजीला हसत होते, आणि मराठीनं माझ्यासमोर तीन पाटील आणून उभे केले.

मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश काढून बसले. आमच्या 'धांव'खाली काय काय सापडतं! बैलगाडीच्या चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टीही धाव. विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात ती वाटही धाव. आजोळी ती धाव मी पाहिलीय. मोट कधीच बंद झाली होती, विहिरीवर पंप होता, पण उतार तसाच होता आणि आम्ही पोरं त्यावरून घसरायचो. मामा म्हणायचे, "धावंवर जाऊ नका रं." आता हे काम एखाद्या इंग्रज भाषांतरकाराला मिळालं असतं तर त्यानं उजव्या चौकोनात काय लिहिलं असतं?

माझी ही रड मी आमच्या कोऑर्डिनेटरपुढं गायले. ती कोइमतूरची, पुण्यात चार वर्षं, मराठी शिकतेय आणि चिकाटीनं शिकतेय. इंग्रजी कशी बेशिस्त भाषा आहे, एका शब्दाचे ६४५ अर्थ, वगैरे मी सांगत होते. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, एक विचारू? स्वारगेटला एक बाई मला म्हणाली, कोल्हापूरची गाडी लागली. दुसरी बाई म्हणाली, मला गाडी लागते. मी पहिलीला लिंबू दिलं."

मी गप्प बसले. तिनं बॅगेतून वही काढली. एक अख्खं पान 'लागणे'. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, दृष्ट लागते. निकाल लागतो आणि वाटही लागते. गोड लागतं, लागट बोलतात. पाऊस लागून राहतो. हा माझा मामा लागतो. जावं लागतं, रडायला लागतो. वेळ लागतो. पान संपत आलं तिथं तिनं लाल शाईनं लिहिलं होतं, 'हळद लागली = लग्न, आजार नाही'. मी आणखी दोन सांगितले, नाद लागणे आणि छडा लागणे. तिनं वही मिटली. "हे नाही लिहून घेणार मी आता," म्हणाली.

शेवटी बटणांवर 'चालणे', 'धावणे', 'सायकलिंग' असं गेलं. मला ते फार आवडलं आहे अशातला भाग नाही. कोरडं आहे, सरकारी आहे. पण त्यात देव येत नाही, सचिन येत नाही आणि आगही लागत नाही.

ॲप परवा बाहेर आलं. बाबा आता माझ्याकडेच असतात, वय ७९. त्यांच्या फोनवर घालून दिलं आणि सकाळी खालच्या बागेत पाठवलं. पाऊण तासानं आले, चष्मा कपाळावर सरकवून फोन लांब धरून वाचायला लागले. मी सुरुवातीलाच चुकून मधलं बटण दाबून दिलं होतं.

"धावणे, दोन पूर्णांक तीन किलोमीटर," त्यांनी मोठ्यांदा वाचलं. "एवढ्या वर्षांनी परत रनिंगवर घेतलं म्हणायचं मला."

मी चहा ओतत होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, पेपर उघडला, आणि पेपराच्या आडून विचारलं, "याचा अलाउन्स कुणाकडे मागायचा?"